गृहभेट

"या अकरा झाकणांना डबे नाहीत, बाई. आणि या चौदा डब्यांना झाकणं नाहीत. काय करायचं?"

"ठेव. लागतात कशालातरी."

"कशाला?"

निळा एप्रन घातलेली ती मदतनीस जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिनं प्रत्येक झाकण प्रत्येक डब्यावर बसवून पाहिलं होतं, घाई न करता, आणि मगच विचारलं होतं. प्रश्नात खोच नव्हती. असती तर बाईंना बरं वाटलं असतं. तिला दोन शब्द सुनावता आले असते.

"टाक मग," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीच्या खिडक्या होत्या, आणि त्यांत वाळत घातलेले कपडे.

नव्या घरात येऊन तीन आठवडे झाले होते. बेचाळीस खोकी आली होती, त्यांतली पाच उघडली होती. बाकीची भिंतीला टेकून छातीइतकी उभी होती, आणि त्यांच्यामधून पलंगाकडे, न्हाणीघराकडे आणि गॅसकडे जाणारी एक पायवाट पडली होती. जुन्या घराचे जिने गुडघ्यांना झेपेनात. नवऱ्याला जाऊनही दोन वर्षं झालेली. शेवटी लेकीनंच हे लिफ्टचं, दोन खोल्यांचं घर शोधून काढलं. सामान हलवायच्या महिनाभर आधी बाई घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. प्लास्टर निघालं, पण मुठीत जोर येईना. लेक दूरच्या शहरात नोकरीला. तिनं फोनवरून घर लावून देणाऱ्या एका संस्थेकडे चार दिवसांचं काम नोंदवलं.

"मला कोण शिकवणार घर लावायला?" बाई फोनवर म्हणाल्या होत्या. "तेहतीस वर्षं मी तेच शिकवलंय."

"म्हणूनच म्हणते आई. तुझं तुलाच बघवत नसेल."

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. बाई शाळेत गृहशास्त्र शिकवत. 'जिथली वस्तू तिथं' हे वाक्य त्यांनी फळ्यावर इतक्यांदा लिहिलं होतं, की मुली त्यांची नक्कल करायला लागल्या की याच वाक्यानं सुरुवात करत. त्यांचं नाव फार कुणाला ठाऊक नव्हतं. 'गृहशास्त्राच्या बाई' म्हटलं की पुरे. आणि आता त्याच बाईंना कात्री सापडत नव्हती, म्हणून दुधाची पिशवी दातांनी फोडावी लागत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं त्या स्वतःला म्हणत. पण ते मनातल्या मनात. दुसऱ्या कुणी म्हटलेलं त्यांना चाललं नसतं.

मदतनीस पंचेचाळिशीची असेल. बोलणं बेताचं. सकाळी दारात उभी राहून तिनं आधी बाईंकडे पाहिलं, मग खोक्यांकडे पाहिलं. चपला काढून भिंतीशी जोडीनं ठेवल्या आणि म्हणाली, "कुठून सुरू करू, बाई?" संस्थेची माणसं फोनवर सारखं मॅडम-मॅडम करत होती. ही पहिल्याच वाक्यात बाई म्हणाली, ते त्यांना आवडलं.

दुपारी चादरींचं खोकं उघडलं. बाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. चादरीच्या घडीवरून बाई माणूस ओळखत. निदान वर्गात तसं सांगत. मदतनिसेनं चादर झटकली, दोन टोकं हनुवटीखाली धरली, लांबीत तीन घड्या केल्या, काठ आत वळवले आणि वरून तळहात फिरवला. कपाटात ठेवताना घडीची बंद बाजू बाहेर ठेवली.

"अस्सं," बाई म्हणाल्या. "काठ आत. नाहीतर आजकाल नुसता बोळा करून कोंबतात. कुणीतरी नीट शिकवलंय तुला."

"हो. नीटच शिकवलं."

"आईनं?"

"आईला वेळ नसायचा. शाळेत होतं आम्हाला."

"मग तुझ्या बाई चांगल्या असणार."

मदतनिसेनं पुढची चादर उचलली. "कडक होत्या," ती म्हणाली.

बाईंना ते ऐकून समाधान वाटलं. कडक असल्याशिवाय काही रुजत नाही, असं त्यांचं पहिल्यापासून मत होतं.

दुसऱ्या दिवशी कपड्यांची बारी आली. नवऱ्याचे सहा शर्ट अजून खोक्यात होते. बाईंनी ते स्वतःच 'द्यायचे' या ढिगावर टाकले आणि मदतनीस बघते आहे का ते पाहिलं. ती बघत नव्हती. तिनं तीन ढीग केले होते, ठेवायचे, द्यायचे आणि टाकायचे, आणि एक बारकासा चौथा: 'बाईंना विचारणे'. चौथा ढीग ती दर तासाला उपसून मोकळा करी. बाईंना 'बघू नंतर' म्हणायला ती वावच ठेवत नसे.

काम चालू असताना ती सवयीही सांगत होती. संस्थेचा तो नियमच होता. घर लावलं आणि माणूस तसाच राहिला, तर महिन्याभरात पुन्हा जैसे थे.

"अंघोळ झाली की टॉवेल लगेच दांडीवर. खुर्चीवर नाही. वर्तमानपत्र आलं की कालचं रद्दीत. संध्याकाळी दहा मिनिटं घड्याळ लावून फक्त आवरायचं, जास्त नाही. आणि नवी वस्तू घरात आली, की एक जुनी बाहेर."

"अगं, हे मी पुस्तकात लिहून दिलंय मुलींना," बाई म्हणाल्या. "आठवीच्या."

"हो. पण तुम्ही करत नाही ना, बाई."

बोलली तीही घडी घालता घालता. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कोण कुठली बाई, एप्रन घालून येते आणि आपल्याला सवयी शिकवते. त्यांना वाटलं, लेकीला फोन करावा आणि सांगावं, उद्यापासून नको हिला. पण खोकी अजून सत्तावीस राहिली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या तिनं विचारलं, "काल दहा मिनिटं केलीत?"

"केली की."

"टॉवेल?"

"दांडीवर."

मदतनीस आत गेली. पलंगाशेजारच्या खुर्चीवर ओला टॉवेल कालपासून पडला होता आणि खुर्चीच्या गादीवर ओल उमटली होती. बाई बाहेर बसल्या जागी अवघडल्या. सत्तर वर्षं उलटून गेलेली बाई टॉवेलाबद्दल खोटं बोलते, आणि तेही जेमतेम दोन दिवसांच्या ओळखीच्या बाईशी. आतून टॉवेल झटकल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली आणि काहीच न बोलता पुढचं खोकं ओढायला लागली.

ती बोलली नाही हेच बाईंना खुपलं. वर्गात त्यांनी अशी मुलगी उभी केली असती. दोन चिमटे घेतले असते आणि विषय संपवला असता.

"तुझ्या घरी गं कसं असतं?" बाईंनी विचारलं. स्वर त्यांना हवा होता त्यापेक्षा तिखट आला.

"दोन खोल्या. पाच माणसं. सगळं जागेवर असतं."

"खरंच?"

"नसलं तर रात्री झोपायला जागा राहत नाही."

पुढे ओढलेलं खोकं जड होतं. वर बाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'शाळा. हात लावू नये.' मदतनिसेनं चिकटपट्टी कापली. आत निळ्या पुठ्ठ्याच्या फायली होत्या, प्रत्येकीवर साल आणि तुकडी, प्रत्येक फाईल नाडीनं बांधलेली.

"यांना हात लावू नकोस," बाई म्हणाल्या आणि उठून जवळ आल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या अंगात बळ आलं. "हे गृहभेटीचे अहवाल. दरवर्षी नववीतल्या एकेका मुलीच्या घरी मी स्वतः जात असे. घर कसं आहे, वस्तू कशा ठेवल्यात, सांडपाणी कुठं जातं, सगळं लिहायचं आणि वीसपैकी गुण द्यायचे. शिक्षणाधिकारी येऊन वाखाणून गेले होते. दुसऱ्या कुठल्या शाळेत होतं हे? नाव सांग बघू."

"किती आहेत?"

"वीस वर्षांचे. याचं पुस्तक करायचं होतं मला. राहून गेलं."

मदतनिसेनं खोक्यातल्या फायलींच्या पाठीवरून बोट फिरवलं. "शेवटचा हात कधी लावला होता?"

"याला तो नियम नाही."

"बरं."

तिनं लगेच ऐकलं, म्हणून बाईंचा राग थोडा ओसरला. आणि टॉवेलामुळे गेलेली पत परत मिळवायची होती. त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. "माझा चष्मा कुठल्या खोक्यात आहे देव जाणे. तू वाच एखादा. म्हणजे कळेल तुला, घर कसं बघायचं असतं ते."

"कुठला वाचू?"

"कुठलाही. सगळे सारखेच."

मदतनिसेनं एप्रनला हात पुसले. मग तिनं एक फाईल बाहेर काढली. वरची नव्हे, मधली. एकतीस वर्षांपूर्वीची. नाडी सोडली, पानं उलटली. ती शोधत नव्हती; एकोणतिसाव्या पानावर जाऊन थांबली. कागद पिवळा पडला होता, पण शाई ठळक होती. तिनं सपाट आवाजात वाचायला सुरुवात केली.

"हजेरी क्रमांक एकोणतीस. एक खोली. घर स्वच्छ. भांडी घासून पालथी घातलेली. अंथरुणं घडी करून एका कोपऱ्यात. पाण्यावर झाकण आहे. चूल सारवलेली. परंतु घरातील आजारी वडिलांना भर उन्हात दाराबाहेर खुर्चीत बसवलेले आढळले. विचारले असता मुलगी गप्प राहिली. टापटीप आहे, आपुलकी नाही. गुण, वीसपैकी सहा."

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "बघ," त्या म्हणाल्या. "टापटीप आहे, आपुलकी नाही. चार शब्दांत घर पकडलं की नाही? आणि हे मी नुसतं लिहून ठेवत नसे हं. वर्गात वाचून दाखवत असे, नावासकट. एकीचं ऐकून बाकीच्या शहाण्या होतात."

"हो. वाचलं होतं."

"तुला काय माहीत?"

मदतनिसेनं फाईल बाईंच्या मांडीवर ठेवली आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यातल्या नावावर बोट टेकवलं. "ही मी, बाई. लग्नानंतर नाव बदललं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. चेहरा निरखून पाहिला. भुवया, हनुवटी, कपाळ. तेहतीस वर्षांत हजारभर मुली हाताखालून गेल्या होत्या. बाईंना ही आठवेना. हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचता आलं असणार.

"तुम्हाला नाही आठवणार," ती म्हणाली. "मी मागच्या बाकावर बसायचे."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाहीस?"

"काय सांगायचं? मी कामाला आले होते."

ती पुन्हा खाली बसली. हात रिकामे राहू नयेत म्हणून की काय, तिनं बाजूच्या खोक्यातले पडदे ओढून घेतले आणि घड्या घालायला लागली. बोललीही घडीकडे बघतच.

"बाबा रंगारी होते. परांचीवरून पडले आणि कमरेखालचं गेलं. आमच्या खोलीत अर्धी जागा त्यांच्या खाटेला. तुम्ही येणार म्हणून आईनं कामावर खाडा केला. दोन दिवस आम्ही घासत होतो. पण खाट असली की खोली खोलीसारखी दिसेना. आणि वास. तो काही घासून जात नाही. बाबाच म्हणाले, मला बाहेर बसवा. खाट उभी करा. पोरीचे मार्क कशाला घालवता. शेजारचे दोघं होते, त्यांनी उचलून खुर्चीत बसवलं. तुम्ही दहाला येणार होतात. दहाला तिथं सावली असते."

"मग?"

"तुम्ही सव्वा वाजता आलात."

बाईंनी मांडीवरची फाईल दोन्ही हातांनी धरली.

"अकराला ऊन पायावर आलं. बाराला डोक्यावर. शेजारचे दोघं कामावर गेलेले. आई आणि मी उचलायला गेलो, तर हलू देईनात. म्हणाले, आता नको, इतक्यात बाई येतील, आत नेलंत तर सगळं विस्कटेल. मी डोक्यावर ओला पंचा ठेवला. तर तुमची चाहूल लागल्यावर त्यांनी तो काढून मांडीखाली लपवला. बरं दिसणार नाही म्हणून. तुम्ही आलात तेव्हा त्यांनी हात जोडले होते. तुम्ही आत गेलात. कोनाड्यावरून बोट फिरवून धूळ बघितलीत."

"मी विचारलं होतं ना," बाई म्हणाल्या. "लिहिलंय त्यात. विचारले असता मुलगी गप्प राहिली."

"तुम्ही विचारलंत, यांना बाहेर का काढलंय. काय सांगायचं होतं? तुमच्यासाठी म्हणून?"

पडद्याची घडी झाली. तिनं ती ठेवायच्या ढिगावर ठेवली.

"तुम्ही वर्गात वाचलंत त्या दिवशी घरी गेले, तर बाबा दाराकडे डोळे लावून. किती मिळाले? म्हटलं, वीसपैकी वीस. मग तीन वर्षं, जाईपर्यंत, येईल त्याला सांगायचे. आमच्या पोरीला घराचे वीसपैकी वीस. आणि हसायचे. म्हणायचे, त्यातले दहा माझ्या उन्हाचे आहेत."

बाहेर लिफ्टचं दार कुणीतरी आपटलं. बाई मांडीवरच्या पानाकडे बघत होत्या. चष्म्याशिवाय ओळी एकमेकींत मिसळत होत्या.

"मी नियमाप्रमाणेच दिले होते गुण," त्या म्हणाल्या.

"हो. नियमच शिकले मी तुमच्याकडून. त्याच्यावरच पोट चाललंय." ती उठली. "फायलींचं काय करायचं? कुठल्या ढिगात?"

बाईंनी फाईलवरचा हात उचलला नाही. तिनं ती फाईल त्यांच्या मांडीवरच राहू देऊन बाकीच्या खोक्यात नीट रचल्या आणि खोकं चौथ्या ढिगाशी सरकवलं. सहा वाजत आले होते. तिनं एप्रन काढला, घडी घातला, पिशवीत ठेवला.

"ते पान घेऊन जा तुझं," बाई म्हणाल्या.

"नको. आमच्याकडे जास्तीचं ठेवायला जागा नाही."

"उद्या येशील ना?"

"उद्या फक्त स्वयंपाकघर राहिलंय," ती म्हणाली. चपला घातल्या आणि दार हलकेच ओढून घेतलं.

बाई उजेड होता तोवर हलल्या नाहीत. मग उठल्या, चष्मा शोधायला लागल्या. तो खोक्यात नव्हताच. टेबलाच्या पहिल्या खणात होता आणि खणावर चिठ्ठी होती: 'रोजचं: चष्मा, औषधं, कात्री.' तो तिथं कालपासून होता. दिवा लावून त्यांनी फाईल उघडली.

अठ्ठाविसावं पान आधी वाचलं. डॉक्टरांची मुलगी. 'खिडक्यांना फिकट पिवळे पडदे. पुस्तकांना काचेचं कपाट. गुण एकोणीस.' ते घर त्यांना लख्ख आठवत होतं. पडद्यांची झालर आठवत होती, टेबलावरची काचेची सुरई आठवत होती. डॉक्टरांच्या बायकोनं जेवायचा आग्रह केला, ताटावरून उठूच देईना, मग गप्पा निघाल्या, ते सगळं आठवत होतं. तिथून निघून त्या कुठं गेल्या, त्या दारात खुर्ची कुठं होती, त्या खुर्चीतला माणूस काळा होता की गोरा, त्यानं हात जोडले तेव्हा आपण काय केलं, यातलं काही आठवत नव्हतं. खूप ताण दिला. पिवळे पडदेच डोळ्यांसमोर येत राहिले.

मग त्यांनी बाकीची पानं वाचली. पहिल्यापासून. फळ्या, खुंट्या, माठ, कोनाडे, सांडपाण्याची वाट, केरसुणी उभी की आडवी. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं, की चाळीस पानांत माणसं कुठंच नव्हती. कुणाची आई कशी बोलली, कुणाचा भाऊ कुठं बसून अभ्यास करत होता, म्हातारं कुणी घरात होतं का, काही नाही. त्यांनी दुसरी फाईल सोडली, तिसरी सोडली. तिथंही नव्हती. एवढ्या ढिगात माणूस म्हणून त्यांना दिसलेला तो एकच होता, उन्हातला. आणि त्याच्याबद्दल त्यांनी ते लिहिलं होतं.

खणातून लाल पेन काढून त्यांनी एकोणतिसाव्या पानावरचा सहा खोडला आणि शेजारी वीस लिहिले. मुठीत जोर नसल्यानं शून्य वाकडं आलं. खाडाखोडीवर सही लागते, ती केली. खाली तारीख घातली. घालून झाल्यावर बाई त्या तारखेकडे बघत राहिल्या. हे दाखवायचं कुणाला? तिचा बाप तर वीसच समजून गेला होता. शाळेनं तो विषयही केव्हाच बंद केला होता. हात दाखवून अवलक्षण, असं त्यांच्या तोंडून निघालं, आणि रिकाम्या खोलीत स्वतःचा आवाज ऐकून त्या दचकल्या.

सकाळी त्या लवकर उठल्या. टॉवेल दांडीवर टाकला. कालचं वर्तमानपत्र रद्दीत टाकलं. पलंगावरची चादर डाव्या हातानं ओढून ओढून सरळ केली, सुरकुती राहिलीच. मग काचसामानाच्या खोक्यातून दोन कप काढले, बश्यांसकट. पातळ चिनीमातीचे, कडेला निळी रेघ. नवऱ्याला नोकरीत बढती मिळाली तेव्हा घेतलेले सहा, त्यांतले आता दोन उरलेले. ते पुसून टेबलावर मांडले. समोरासमोर दोन खुर्च्या ठेवल्या. चहाचं आधण तयार ठेवलं, नुसता गॅस लावायचा बाकी.

काय बोलायचं ते त्यांनी पहाटेपासून जुळवलं होतं. आधी 'बस' म्हणायचं. ती कामाला लागायच्या आत. मग वडिलांचं नाव विचारायचं. एवढ्या सगळ्यात आपण तिच्या वडिलांचं नाव विचारलं नाही, हे त्यांच्या पहाटे ध्यानात आलं होतं. पानावरही ते नव्हतं. मुलीचं नाव-आडनाव आणि 'आजारी वडील' एवढंच होतं. पुढचं तिनं काय उत्तर दिलं त्यावर. माफीचा शब्द त्यांनी दोन-तीनदा पुटपुटून पाहिला. तो आयुष्यात फारसा वापरलेला नसल्यानं त्यांच्या जिभेवर नीट बसत नव्हता.

नऊला बेल वाजली. बाईंनी आधी गॅस लावला, मग दार उघडलं.

दारात निळा एप्रन घातलेली दुसरीच एक बाई उभी होती. तिशीची, हसऱ्या तोंडाची.

"नमस्कार मॅडम. आज मी आलेय."

"ती कुठंय?"

"ताईंनी दुसरीकडचं काम मागून घेतलं. गुडघे दुखतात म्हणाल्या, जिना चढवत नाही."

बाईंनी तिच्या मागे पाहिलं. लिफ्टचा दिवा पेटलेला होता.

"पण काळजी करू नका, त्यांनी सगळं लिहून दिलंय बरं का." तिनं पिशवीतून कागद काढला. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला, ओळी सरळ. "स्वयंपाकघर. काचसामान. आणि हे, निळ्या फायली, बाईंना विचारणे. म्हणजे तुम्हालाच ना? काय करायचं फायलींचं?"

"रद्दीत दे."

"सगळ्या?"

"टेबलावर आहे ती राहू दे."

"बरं. तिला कुठली जागा द्यायची, सांगा. चिठ्ठी लावून देते."

बाईंना जागा सांगता येईना. ती मुलगी "सांगा नंतर" म्हणून कामाला लागली. ही नंतरवर सोडणारी होती. फायलींचं खोकं ओढत तिनं दाराबाहेर नेलं. परत येऊन पदर खोचावा तसा एप्रनचा बंद आवळला आणि स्वयंपाकघरात शिरली. पाणी उकळून अर्धं झालं होतं. तिनं गॅस बंद केला.

"पाहुणे येऊन गेले वाटतं सकाळीच?" तिनं आतून विचारलं. टेबलावरचे दोन्ही कप उचलून नेले, नळाखाली धरले, साबण लावून घासले. बाई बघत होत्या. कप कोरडे होते, स्वच्छ होते. त्यांनी तिला थांबवलं नाही.

"किती नाजूक आहेत," मुलगी म्हणाली. फडक्यानं पुसून तिनं एकेक कप उजेडात धरून पाहिला. "हे रोजचे की पाहुण्यांचे, मॅडम?"

बाई दोन खुर्च्यांमधल्या एकीवर बसल्या.

"पाहुण्यांचे," त्या म्हणाल्या.

"मग वरच ठेवते. रोज काढले की फुटतात." ती स्टुलावर चढली, कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर मागे भिंतीला लागेपर्यंत कप सरकवले आणि खाली उतरून स्टूल बाजूला ठेवलं. बाईंचा हात तिथवर पोचण्यातला नव्हता.